सक्करदऱ्याचे नूरमियाँ

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही. ती गेली, तेव्हाही तिला ठाऊक नव्हती. माझ्या गाण्यातल्या गुरुजींना सांगायला हवी होती — तेही गेले. आता राहिलात तुम्ही. तुम्ही कोण, मला माहीत नाही, आणि तेच बरं आहे. ओळखीचा माणूस समोर असला की मी खोटं बोलतो. स्वतःची एवढी ओळख मला आता झाली आहे.

कुठून सुरू करू? नागपूरच्या एका कॉलेजात मी संगीत शिकवत होतो, तिथून करतो. साठ-सत्तरच्या त्या दिवसांत आमच्याकडे एम.ए.चे वर्ग निघाले. वर्ग निघाले म्हणजे प्रबंधिका आली, प्रबंधिका आली म्हणजे 'संशोधन पद्धती' नावाचा एक पेपर आला. तो शिकवायचा कोणी? आम्ही पाच जण. दोघं गाणारे, एक सतारिये, एक तबलजी आणि आमचे हेडसाहेब, जे काय करत ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. आयुष्यात एक तळटीप वाचलेला माणूस त्यात नव्हता. हेडसाहेबांची नजर माझ्यावर गेली. माझी लायकी काय? मला चष्मा होता, आणि माझं इंग्रजी बाकीच्यांपेक्षा जरा बरं होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

एक इंग्रजी पुस्तक मिळवलं. वर्गाच्या एक धडा पुढे राहायचं, एवढीच माझी विद्वत्ता. आज रात्री वाचलेलं उद्या सकाळी अशा थाटात सांगायचो, जणू जन्मभर तेच करत आलोय. माहिती कार्डांवर उतरवा. एका कार्डावर एकच गोष्ट. ज्याला भेटलात त्याचं नाव, ठिकाण, वार लिहा, खाली त्याची सही घ्या. शोधलेलं सापडलं नाही तर 'सापडलं नाही' असं लिहा, कारण न सापडणं हीसुद्धा माहितीच असते. हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. ते म्हणताना मी खडू खाली ठेवत असे.

आणि मुलं काय करत होती? आमच्या विभागातली प्रत्येक प्रबंधिका सामवेदापासून सुरू व्हायची. विषय ठुमरी असो नाहीतर तबल्याचा कायदा, पहिली तीस पानं ऋषिमुनी. पुढची चाळीस पानं जुन्या पुस्तकांतून उतरवलेली, आणि अडलं तिथे 'आमच्या गुरुजींनी सांगितलं'. हे तोंडी परीक्षेत म्हणताना मुलगी उजव्या हातानं कानाची पाळी धरायची. गुरूचं नाव घेताना कान धरायचा, ही आमची रीतच. कान धरला की पुरावा झाला. परीक्षकही कान धरायचे, आणि पोरगी पास.

मी वर्गात याची टर उडवायचो. कान धरणं म्हणजे पुरावा नव्हे, असं सांगायचो. हे सांगणारा मी कोण होतो, ते आता ऐका.

की आणखी थोडं थांबू? — नको. टाळाटाळीत आयुष्य गेलंच आहे.

आमच्या शहरात रविवारी सकाळी एक बैठक भरायची. वकील, डॉक्टर, दोन-चार पेन्शनर, स्वतःला 'जाणकार' म्हणवून घेणारी मंडळी. मला चाली सुचायच्या, बंदिशी बांधायचो. एका रविवारी मी माझी एक बंदिश माझी म्हणून गायलो. निम्मे जाणकार चहाला उठले. उरलेल्यांपैकी एक म्हणाले, प्रयत्न चांगला आहे. प्रयत्न! पुढच्या महिन्यात जौनपुरी रागातली दुसरी गायलो. तीही माझीच, तीच अक्कल, तोच गळा. कोणीतरी विचारलं, ही चीज कुठली? उचलली जीभ लावली टाळ्याला — मी म्हणालो, इथेच आपल्या सक्करदऱ्याला तळ्यामागे एक जुने सारंगिये आहेत, नूरमियाँ, दरबारी घराण्यातले, त्यांच्याकडून मिळाली.

काय सांगू, चहाला कोणी उठलं नाही. बंदिश दोनदा गायला लावली. एका म्हाताऱ्या वकिलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, जुनं ते जुनंच, असं आता कोण बांधणार? बांधणारा त्यांच्या समोर बसला होता. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की हसू फुटलं. पुढच्या रविवारी हसत हसत सांगून टाकता आलं असतं. सांगितलं का? नाही. कारण तोवर लोक मला 'शोधक' म्हणायला लागले होते, आणि तो शब्द मला गोड लागला. ज्यांची मला किळस होती, त्यांचीच शाबासकी मी मिटक्या मारत खाल्ली.

मग लेख आला. एका वार्षिकात, खाली तळटीप: 'प्रत्यक्ष मुलाखत, सक्करदरा'. मग वर्ग आला. मुलाखत कशी घ्यावी हे शिकवायला नमुना हवा होता ना, मग नूरमियाँचाच दिला. खोटं सांगायचं तर त्यात बारकावे पुष्कळ घालावेत, एवढं मला पुस्तकाशिवाय कळत होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. दारात लिंबाचं झाड, त्याला बकरी बांधलेली. सारंगीची गवसणी बेगमच्या जुन्या झग्याची. त्यांचं नाव घेताना मी कानाची पाळी धरायचो. वर्गही धरायचा. नसलेल्या माणसासाठी वीस जण कान धरून बसायचे, आणि मी त्यांना पुरावा म्हणजे काय ते समजावत असायचो.

एका वर्षी दोन मुली मागेच लागल्या, सर, आम्हाला त्यांच्याकडे घेऊन चला. मी आज-उद्या करत दिवाळीपर्यंत नेलं. सुटीनंतर वर्गात गंभीर चेहऱ्यानं आलो आणि नूरमियाँ गेले असं सांगितलं. वर्ग दोन मिनिटं उभा राहिला. मीही राहिलो.

आता वत्सलाबद्दल. वत्सला रामटेके. तिचं नाव लिहायला इतकी वर्षं लागली.

ती उमरेडहून एस.टी.नं यायची. वडील हातमागावर लुगडी विणायचे. छप्पन साली ज्यांनी नागपुरात दीक्षा घेतली, त्यांतलं ते घर. प्रवेशाच्या यादीत तिचं आडनाव वाचून हेडसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं. मी त्या पाहण्याचा अर्थ विचारला नाही, कारण मला तो कळला होता. वस्तीतल्या जयंतीच्या गाण्यांमध्ये ती पेटी वाजवायची, तिथून गाण्याकडे आलेली. गळा बेताचा. मी मनात म्हटलं, ही काय करणार?

तिनं काय केलं सांगू? मी जे जे शिकवलं ते खरं मानलं. आमच्या विभागात असा प्रकार पूर्वी घडला नव्हता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिनं कार्डं लावली होती, एका कार्डावर एकच गोष्ट. सामवेद तिच्या प्रबंधिकेत नव्हताच. विषय घेतला 'नागपूरचे सारंगिये'. का घेतला? माझ्या त्या नमुना मुलाखतीमुळे. तिला नूरमियाँ आवडले होते. मी नाही म्हणू शकलो नाही. वाटलं, बाकीच्यांसारखा माझा लेख तिसऱ्या प्रकरणात डकवेल आणि मोकळी होईल.

ती सक्करदऱ्याला गेली, नूरमियाँचं घर आणि मागे राहिलेली माणसं शोधायला. परत येऊन म्हणाली, पत्ता नीट सांगा. मी सांगितलं, तळ्यामागे, लिंबाचं झाड आहे. तिथे लिंबाची झाडं काय एक होती? ती पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा गेली. मशिदीत विचारलं, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, तळ्याजवळ खुर्ची टाकून बसणाऱ्या गणपत न्हाव्याला विचारलं. आणि कब्रस्तानात जाऊन तिथल्या राखणदाराला विचारलं. मेलेल्या माणसाची कबर असते, हे मला, संशोधन पद्धतीच्या प्राध्यापकाला, सुचलंच नव्हतं.

एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. उभीच राहिली. चपलांवर धूळ होती.

"सर, तिथं कोणीच ओळखत नाही त्यायले. कबरही नाही. तुम्हीच तर शिकवलं, नाही सापडलं तर नाही सापडलं असं लिवा. मंग तसंच लिवू ना?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरोखर विचारायचं होतं, की नियम असाच आहे ना? आपल्याच शोधण्यात काही चुकलं असेल, अशी तिची समजूत होती. मी टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले आणि म्हणालो, ते राहू दे, त्यानं काही बिघडत नाही. ती बरं म्हणून गेली. मला वाटलं, मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण तिनं ते पान लिहिलं. 'राहू दे' याचा अर्थ तिनं प्रबंधिकेत राहू दे असा घेतला की मुद्दाम माझं ऐकलं नाही, ते मी कधी विचारलं नाही. पान सरळ होतं. सदर कलावंत आढळले नाहीत, अधिक शोध आवश्यक आहे. खाली अकरा माणसांची नावं, ठिकाण, वार, आणि सही नाहीतर अंगठा. गणपत न्हाव्याचं बोलणं तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं: "असा माणूस इथं कधीच नव्हता वं बाई. काहून शोधून राहिली तू त्याले?" माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. उलट, मनोगतात माझे आभार.

हे पान माझ्या नजरेतून सुटलं कसं? कारण मी ते वाचलंच नाही. मार्गदर्शक म्हणून 'हे काम माझ्या देखरेखीखाली झाले आहे' या वाक्याखाली मी डोळे मिटून सही करायचो. मी कोणतीच प्रबंधिका कधी वाचली नाही. त्याच त्या सामवेदाच्या आणि कान धरण्याच्या कथा मी कशाला वाचू? एवढा तिरस्कार मला होता — त्यांचा, आणि मी तरी कोण वेगळा होतो!

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी मात्र ती वाचली होती. हेडसाहेब, ते आणि मी, टेबलाच्या एका बाजूला. पलीकडे वत्सला, पांढऱ्या पातळात, मांडीवर तो पत्र्याचा डबा. परीक्षकांनी तिचं कौतुक केलं. असं काम पाहायला मिळत नाही म्हणाले. उमरेडजवळ नवं कॉलेज निघत होतं, संगीताची जागा भरायची होती. पहिला वर्ग मिळाला असता तर ती जागा तिचीच होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मग परीक्षकांनी ते पान उघडलं आणि माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं विचारलं, हे काय? तुमचे नूरमियाँ हिला सापडत कसे नाहीत?

इथे एक वाक्य पुरे होतं. 'ते नव्हतेच.' तीन सेकंदांचं काम. मी किंचित हसलो — ते हसू मला अजून दिसतं, कारण समोरच्या कपाटाच्या काचेत मी ते पाहिलं होतं — आणि म्हणालो, काय आहे, ही मुलगी तिकडे गेलेलीच नाही. ही यादी घरी बसून केलेली आहे.

परीक्षक म्हणाले, पण अंगठे आहेत. मी म्हणालो, अंगठ्यांचं काय घेऊन बसलात, घरात चार माणसं असली की अकरा अंगठे होतात.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्या. मी केलेलं पाप मी तिच्या नावावर लिहिलं, तेही नेमकं तेच. मुलाखत बनवण्याचं. हेडसाहेब हळू आवाजात म्हणाले, यांच्याकडून दुसरं काय होणार. मी 'हो' म्हटलं नाही. त्याची गरज नव्हती. माझं वाक्य त्या खोलीत रुजणार, हे मला बोलण्याआधी ठाऊक होतं. त्या रविवारच्या बैठकीतल्या एखाद्या वकिलाच्या मुलीबद्दल मी हे बोललो असतो का? माझी छाती झाली नसती. वत्सलाबद्दल झाली. का झाली, ते तुम्हीही ओळखलं असेल.

ती रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी तिला सगळं कळलं — नूरमियाँ, लिंब, बकरी, सगळं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

"चला नं सर. आत्ताच चला. रिक्षानं वीस मिनिटं लागतात. एकेकाचं घर दाखवते मी तुमाले."

हे ती तिघांनाही म्हणाली. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले असते, माझी खात्री आहे. मी मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, बाहेर पुढची मुलगी ताटकळली आहे.

कोणी उठलं नाही. वीस मिनिटांचं अंतर होतं. संशोधन तपासायला बसलेले आम्ही तिघं, आणि खुर्चीवरून उठायला एकजण तयार नव्हता. तिनं डबा उचलला, नमस्कार केला, हो, मलासुद्धा, आणि गेली. पुढच्या मुलीनं सामवेदापासून सुरुवात केली.

'माहिती बनावट' असा शेरा पडला. तिची प्रबंधिका नापास झाली. उमरेडची जागा त्या सामवेदवालीला मिळाली. वत्सला एका प्राथमिक शाळेत लागली असं पुढे कानावर आलं. पोरांकडून पाढे म्हणून घेते आणि शनिवारी प्रार्थना बसवते. तिनं कुठे तक्रार केली नाही. केली असती तरी चौकशी कोणी करायची होती? मीच. विभागातला नियम आणि पद्धत कळणारा माणूस म्हणून माझ्याकडेच कागद आला असता.

आणि माझं काय झालं? छान झालं. हेडसाहेब निवृत्त झाले, मी हेड झालो. दोन पुस्तकांत नूरमियाँ आले, तळटिपेसह. रेडिओवर एका गायकानं ती जौनपुरी गायली, निवेदिकेनं सक्करदऱ्याच्या दरबारी परंपरेचा उल्लेख केला. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. नाव आलं तसा माझा हात आपोआप कानाकडे गेला. त्या हाताचं काय करावं हे मला तेव्हा कळलं नाही.

निवृत्त होताना कपाट रिकामं केलं, तेव्हा तिची प्रबंधिका निघाली. नापास झालेली प्रत कोणी परत नेत नाही. ती घरी आणली. ते पान वाचलं, पहिल्यांदा. मार्गदर्शकानं, निवृत्तीच्या दिवशी. आमच्या विभागात इतक्या वर्षांत लिहिलं गेलेलं ते एकमेव खरं पान असावं.

मागच्या महिन्यात मी सक्करदऱ्याला गेलो. या कामासाठी जन्मात पहिल्यांदा. रिक्षानं अठरा मिनिटं लागली. तळ्याजवळ खुर्ची नव्हती, आता पत्र्याचं दुकान होतं, पण माणूस तोच निघाला. गणपत फार म्हातारा झाला होता, तरी वस्तरा अजून स्वतःच धरत होता. "बसा जी," म्हणाला. मी दाढी करायला बसलो. फेस लावून होईपर्यंत मला विचारायचं धाडस झालं नाही. मग विचारलं, खूप वर्षांमागे एक मुलगी इथे कोणाला शोधत आली होती का?

त्याला आठवत होतं. तीनदा आली होती म्हणाला. ऊन फार होतं, त्याच्या बायकोनं तिला पाणी दिलं होतं. कागदावर त्याचा अंगठा घेतला आणि शाई पुसायला आपलाच रुमाल दिला. तो बोलत होता आणि वस्तरा माझ्या गालावरून सावकाश फिरत होता. मग तो थांबला.

"मंग, भेटला का जी तिले तो माणूस?"

तुम्हाला वाटेल, इथे तरी मी खरं बोललो असेन. समोर कोण होतं? न कॉलेज, न बैठक, न हेडसाहेब. एक न्हावी. त्याच्याकडून मला काही मिळवायचं नव्हतं, काही गमवायचं नव्हतं.

मी म्हणालो, अजून शोध चालू आहे.

तो हूं म्हणाला आणि दुसऱ्या गालाकडे वळला.

घरी येऊन मी एक कार्ड घेतलं. गणपतचं नाव लिहिलं, ठिकाण, वार. त्याची सही मात्र घ्यायची राहिली होती. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची असा नियम आहे, मी तीन लिहिल्या. नूरमियाँ नावाचा कोणी नव्हता. जौनपुरीतली ती बंदिश माझी आहे. वत्सला रामटेके सक्करदऱ्याला तीन वेळा गेली होती आणि तिची यादी खरी होती.